दहादा लिहून घेतलं तरी 'मदत'चं 'दमत'च होतंय

पत्र थोडक्यात असं: साताऱ्याकडचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक लिहितात. वय ७१, सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांवर झाली. नातू ९ वर्षांचा, चौथीत, सेमी इंग्लिशला. तोंडी विचाराल तर हुशार, प्रतापगडाची गोष्ट हातवारे करून सांगतो, दुकानातून आणलेल्या सामानाचा हिशोब मनातल्या मनात करतो, सायकलची उतरलेली चेन स्वतः बसवतो. पुस्तक उघडलं की मात्र सगळं अडतं. ओळ सुटते, 'मदत'चं 'दमत' होतं, जोडाक्षर आलं की त्यातलं अर्धं अक्षर गायब, फळ्यावरचं निम्मंच उतरवून आणतो. दिवाळीपासून आजोबा रोज संध्याकाळी दोन तास स्वतः अभ्यास घेतात, एक पान शुद्धलेखन आणि चुकलेला प्रत्येक शब्द दहा वेळा. वाचनात फरक नाही, उलट गेले दोन-तीन महिने मुलगा बोलताना अडखळायला लागलाय, 'प-प-प' करत राहतो, डोळे मिटतो, खांदे ताठ करतो. चार वर्षांचा असताना थोडे दिवस असं होऊन गेलं होतं. वर्गशिक्षिकेने डिस्लेक्सियाची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाण्याच्या अडचणीची, तपासणी करून घ्या म्हणून सांगितलंय, मुलगा आणि सून पुण्याला न्यायचं म्हणतायत. आजोबांना पटत नाही. 'एवढी वर्षं शिकवलं, असली मुलं आम्ही पाहिली नाहीत. सर्टिफिकेट घेतलं की जन्माचा शिक्का बसला, आणि सवलती मिळाल्या की पोरगं कष्टच सोडेल.' शेजारी म्हणतात जीभ जड आहे, वेखंड द्या. शेवटी प्रश्न असा की अभ्यास घेणं थांबवू का, आणि त्याला एक वर्ष चौथीतच ठेवावं का.

नमस्कार गुरुजी,

या विषयावर जी पत्रं येतात त्यातल्या बऱ्याच पत्रांत एवढंच असतं की मुलाला वाचता येत नाही, काय करू. तुम्ही मात्र कुठलं अक्षर सुटतं, ओळ कधी सुटते, कुठल्या शब्दाला अडतो असं सगळं लिहिलंय, आणि याचा पुढे फार उपयोग होणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवते, ती शुद्धलेखनाची वही रद्दीत जाऊ देऊ नका.

आता थोडा वाद घालते, रागावू नका.

'असली मुलं आम्ही पाहिली नाहीत' असं तुम्ही म्हणता. तुमचे जुने हजेरीपट आठवून बघा जरा. तिसरी-चौथीपर्यंत यायची आणि मग हळूहळू दिसेनाशी व्हायची अशी मुलं प्रत्येक वर्गात होती की नाही? कुणी गुरं राखायला गेलं, कुणी गॅरेजला, कुणी मामाकडे मुंबईला. त्यातला एखादा नक्की असा असणार की तोंडी उत्तराला हात वर आणि पाटीवर काहीच नाही. आपण त्याला 'लक्ष नाही' म्हटलं, 'घरी कुणी बघत नाही' म्हटलं, आणि त्यातल्या काहींच्या बाबतीत ते खरंही असेल. पण सगळ्यांच्या नाही. तो मुलगा तुम्ही पाहिलेला आहे, तेव्हा त्याच्या अडचणीला नाव नव्हतं इतकंच, आणि शाळा सोडून गेल्यावर तो आपल्या मोजणीतूनही गेला.

आणि हे फॅड अलीकडचं तर अजिबात नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका १४ वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं होतं. पर्सी त्याचं नाव. हुशार, खेळात कुणाच्या मागे नाही, गणितं पटापट सोडवायचा, पण वर्षानुवर्षं शिकवूनही छापील शब्द त्याला वाचता येईनात. स्वतःचं पर्सी हे नाव त्याने 'प्रेसी' असं लिहिलं होतं. म्हणजे तुमच्याकडच्या 'मदत'-'दमत'चा भाऊच. त्याच्या मास्तरांनी काय सांगितलं माहितीये? सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा मुलगा शाळेत सगळ्यात हुशार ठरला असता. सव्वाशे वर्षांपूर्वीचे ते मास्तर आणि तुमचं पत्र, दोघांचं निरीक्षण एकच आहे.

एक मात्र स्पष्ट करते, मी पत्रावरून निदान करत नाहीये. डिस्लेक्सिया असेलच असं नाही. चष्म्याचा नंबर असू शकतो, कानात पाणी साठून ऐकायला कमी येत असू शकतं, लक्ष एका जागी न टिकण्याची वेगळी अडचण असू शकते, किंवा पहिली-दुसरीत बाराखडी पक्की व्हायच्या आधीच गाडी पुढे नेली असंही असू शकतं. तपासणी हवी ती यासाठीच. तुम्ही तपासणी म्हणजे शिक्का असं गृहीत धरलंय, तपासणीत 'हे डिस्लेक्सिया नाही' असंही निघू शकतं की.

आता तुमच्या पद्धतीकडे येते, कारण मला वाटतं मुख्य अडचण तिथे आहे, आणि ती तुमच्या कष्टांत नाही, ते कष्ट जिथे लावताय त्या जागेत आहे. दोन तास रोज, तेही या वयात, माझा त्याला नमस्कार. पण चुकलेला शब्द दहा वेळा लिहिताना नेमकं काय होतं ते त्याच्याच वहीत बघा. पहिल्या दोन-तीन ओळी बरोबर असतील कारण तो वरच्या शब्दाकडे बघून चित्र काढल्यासारखं उतरवतोय. पाचव्या-सहाव्या ओळीला डोकं थांबलेलं असतं, हात चालू असतो, आणि एकदा का 'दमत' घुसलं की खाली शेवटपर्यंत 'दमत'च उतरतं. म्हणजे निम्मा वेळ सराव झाला तो चुकीच्या शब्दाचा! बहुतेक मुलांना हे चालून जातं कारण त्यांचं अक्षर आणि आवाज यांचं नातं आधीच जुळलेलं असतं, लिहिण्याने ते फक्त पक्कं होतं. ज्याचं ते नातंच कच्चं आहे त्याच्या हाताला कितीही लिहायला लावलं तरी आवाजाशी त्याची गाठ पडत नाही.

वाचणं ही बोलण्यासारखी आपोआप येणारी गोष्ट नाही हे तुम्हाला मी सांगायला नको, पण पालकही हे वाचतील म्हणून लिहिते. शब्द म्हणजे आवाजांची साखळी असते, ती आधी कानाने तोडता आली पाहिजे, म-द-त, मग त्या प्रत्येक तुकड्याला अक्षर चिकटवायचं, आणि हे इतक्या वेळा व्हायला हवं की शेवटी विचार न करता व्हावं. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला ही तोडजोड दरवेळी कष्टाने करावी लागते. बुद्धीचा संबंध नाही. डोळ्यांना अक्षरं उलटी दिसतात हाही गैरसमजच. आणि मराठीत आपली काही खास वळणं आहेत, ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर, 'र'चं तर विचारूच नका, 'कर्म'मध्ये डोक्यावर, 'चक्र'मध्ये पायाशी, 'ट्रक'मध्ये वेगळा, 'वाऱ्या'मध्ये आणखी वेगळा. घ-ध, भ-म, थ-य, ब-व ही जोडपी आहेतच. हे सगळं सांभाळताना वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होतं, मग आपण विचारतो 'काय वाचलंस सांग' आणि तो गप्प, आणि आपल्याला वाटतं लक्ष नव्हतं.

मराठीत बहुतेक वेळा जसं लिहितो तसंच वाचतो, त्यामुळे अशी मुलं उशिरा का होईना मराठी बऱ्यापैकी बरोबर वाचायला लागतात, पण सावकाश वाचतात, दमतात. इंग्लिशमध्ये तीही सोय नाही, तिथे स्पेलिंगला धरबंध नाही, म्हणून सेमीत याची अडचण दुप्पट दिसत असेल तर नवल नाही.

बोलताना अडखळतो त्याबद्दल. हे वाचनापेक्षा वेगळं प्रकरण आहे, दोन्ही एका पिशवीत घालू नका. वेखंड नको. जीभ जड असण्याशी तोतरेपणाचा संबंध नाही, आणि ज्या मुलाला प्रतापगडाची अख्खी गोष्ट सांगता येते त्याच्या जिभेला काय झालंय? बोलायचं नियोजन आणि ते बोलणं यांचा मेंदूत जो मेळ बसावा लागतो तो काही मुलांत मधेच चुकतो, बऱ्याचदा घराण्यात आणखी कुणाला असतं, मुलग्यांत जास्त. शंभरातली साधारण पाच मुलं लहानपणी कधी ना कधी अडखळतात आणि त्यातली बहुतेक आपोआप ठीक होतात, मोठेपणी टिकतं ते शंभरात एखाद्याला. तुमच्या नातवाला चौथ्या वर्षी झालं आणि गेलं, आता परत आलंय. तुमच्या धाकामुळे आलं असं मी म्हणणार नाही कारण ते खरं नाही, भीतीने तोतरेपणा तयार होत नाही. पण असलेला वाढतो, आणि मोठ्याने वाचायची वेळ, त्यात वाचताच येत नाही, त्यात समोर आजोबा म्हणजे गुरुजी, यापेक्षा अवघड जागा त्याच्यासाठी दिवसभरात दुसरी नसेल. डोळे मिटणं, खांदे ताठ करणं ही खूण आहे की तो शब्दाशी झगडायला लागलाय. आपोआप जाईल म्हणून थांबायची वेळ ही नव्हे, स्पीच थेरपिस्टला दाखवा, आणि डिस्लेक्सियाच्या तपासणीची तारीख मिळेपर्यंत हे अडवून ठेवू नका.

तोपर्यंत घरात सगळ्यांनी, म्हणजे आजीनेही, 'हळू बोल', 'श्वास घे', 'नीट बोल बरं' हे बंद. चांगल्या मनाने म्हणतो आपण पण मुलाला ऐकू येतं 'तू चुकीचं बोलतोयस'. त्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही. त्याच्याकडे बघत थांबायचं, त्याने काय सांगितलं त्याला उत्तर द्यायचं, कसं सांगितलं त्याला नाही. आपण स्वतः सावकाश बोलायचं, एका वेळी एकच प्रश्न. पाहुण्यांसमोर 'म्हणून दाखव रे' तर अजिबात नको, हे आपल्याकडे फार चालतं.

आणि एक गोष्ट तुम्ही स्वतः बघा. घरी आरतीला सगळ्यांबरोबर म्हणताना तो अडखळतो का? बहुधा नाही. एकत्र म्हणताना, गाताना तोतरेपणा बहुतेकांचा जवळपास नाहीसा होतो, ही जुनी ओळखीची गोष्ट आहे. म्हणून संध्याकाळच्या अभ्यासात मी पहिला बदल सुचवते तो हा की त्याने एकट्याने मोठ्याने वाचायचं नाही, तुम्ही दोघांनी मिळून वाचायचं. पुस्तक त्याने निवडायचं, मग ते क्रिकेटचं असो नाहीतर भुताखेताचं. शेजारी बसा, समोर नाही. ओळीखाली बोट किंवा पोस्टकार्ड धरा म्हणजे ओळ सुटणार नाही. दोघांचा आवाज बरोबर चालू दे, तुमचा अर्धा श्वास पुढे. एखादा परिच्छेद सोपा वाटला की त्याने तुमच्या हातावर टिचकी मारायची, तुम्ही गप्प व्हायचं, तो एकटा पुढे. अडला की चार-पाच सेकंद थांबा, मग शब्द तुम्ही सांगा आणि परत दोघं मिळून. 'परत वाच' नाही, 'काल तर आलं होतं' नाही. दहा मिनिटं पुरे. यात वाचनाचा सराव होतो आणि बोलण्यावरचा ताणही उतरतो.

मग शब्दांचं काम, तेही दहा मिनिटं. वही घेऊन आधी तुम्ही एकटे बसा आणि त्याच्या चुकांचे ढीग करा: वेलांट्या-उकार एकीकडे, जोडाक्षरं एकीकडे, रफार, सारखी दिसणारी अक्षरं, आणि 'मदत'सारखा क्रम बदलणं वेगळं. जो ढीग मोठा तो आधी, बाकीच्या चुकांकडे त्या आठवड्यात डोळेझाक. हे शिक्षकाला फार जड जातं, लाल पेन हातात खाजतं, पण जमवा. समजा क्रमाचा ढीग घेतला. तीन चिंचोके मांडा, 'मदत' तोंडाने सावकाश म्हणायचं आणि प्रत्येक आवाजाला एक चिंचोका पुढे सरकवायचा, मग विचारा पहिला आवाज कुठला, मधला काढला तर काय उरेल. अक्षर अजून आलेलंच नाही, फक्त कान. ते जमलं की चिंचोक्यांच्या जागी अक्षरांची कार्डं, आणि मग एकदाच, म्हणत म्हणत, लिहायचं. दिवसाला तीन-चार शब्द, दहा वेळा काही नाही. जोडाक्षराला पण तसंच, 'पुस्तक' लिहायच्या आधी 'पु, स्, त, क' असं तोडून म्हणायचं, अर्धा आवाज कानाला सापडला की हाताला सापडतो. दोन दिवसांनी तेच शब्द मधेच परत विचारा, तो खरा सराव.

तिसरं काम मला सगळ्यात आवडतं आणि तुमच्या घरी ते फार छान होईल. प्रतापगडाची गोष्ट त्याने सांगायची, तुम्ही लिहायची. त्याच्याच शब्दांत, 'मग काय झालं आजोबा' सकट. तुमचं अक्षर वळणदार असणार, मोठ्या अक्षरात, शब्दांत जागा सोडून लिहा. दुसऱ्या दिवशी तो तेच पान वाचेल आणि बरंच वाचेल, कारण पुढे काय येणार ते त्याला माहीत आहे. महिन्याभरात त्याचं स्वतःचं एक पुस्तक होईल. शिवाय वाचता येत नाही म्हणून त्याच्या डोक्यातल्या गोष्टी तिथेच राहायला नकोत, आणि इतिहास-विज्ञान मागे पडायला नको, म्हणून ते धडे तुम्ही वाचून दाखवा आणि तोंडी चर्चा करा. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडवर बघण्या-ऐकण्यासारखं असतं, मोबाईलही मराठी मजकूर वाचून दाखवतो, सूनबाईंना सांगा लावून द्यायला.

एवढं झालं की बास. वीस-पंचवीस मिनिटं, अर्धा तास फार तर. म्हणजे तुमच्या 'थांबवू का' या प्रश्नाचं उत्तर असं की दोन तास थांबवा, नातवाबरोबर बसणं थांबवू नका.

तपासणीचं सांगते. आधी डोळे आणि कान, दोन्ही नीट तपासून घ्या, 'ऐकू येतं त्याला, हाक मारली की वळतो' यावर जाऊ नका. सरकारी वाटेने जायचं असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची टीम शाळेत येते ती तुम्हाला माहीत असेल, हा कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, त्यांच्याकडून जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे मुलांच्या अशा अडचणी लवकर ओळखून मदत करणाऱ्या केंद्रात, पाठवून घेता येतं. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, तिथे तुमच्या ओळखी निघतीलच, एक फोन करा. खाजगीत पुण्याला गेलात तरी हरकत नाही, पण आधी विचारून घ्या की चाचणी मराठीतून होणार का. मराठी माध्यमाच्या मुलाला फक्त इंग्लिशमधून तपासलं तर काय कळणार, कपाळ! मराठीत साधनं आहेत, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने केलेली 'डाली' नावाची चाचणी मराठीत पण आहे आणि तिचा पहिला चाळणीचा भाग शिक्षकांनीच भरायचा असतो. साधारण असं होतं की मानसतज्ज्ञ बुद्ध्यांक बघतात, मग वाचन, लेखन, गणित वेगवेगळं बघतात, घरची आणि शाळेची माहिती विचारतात. तिथे तुमची चुकांचे ढीग केलेली वही घेऊन तुम्ही स्वतः जा. मुलगा-सुनेला एकटं पाठवू नका, एवढं बारीक निरीक्षण तिथे दुसरं कोण देणार आहे?

स्पीच थेरपीसाठी जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात विचारा. मुंबईच्या वाचकांसाठी, वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.

सर्टिफिकेटची भीती. इथे दोन कागद वेगळे करा. एक तपासणीचा रिपोर्ट, ज्यात मुलाला कुठे जड जातं आणि काय केल्याने सोपं जाईल ते असतं. तो आत्ता हवा, शिकवण्यासाठी. दुसरं दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट, ते परीक्षेच्या सवलती आणि इतर हक्कांसाठी, आणि त्याची चौथीत तातडी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात अध्ययन अक्षमता हा एक प्रकार आहे आणि डिस्लेक्सिया त्यातच येतो. केंद्राच्या नियमावलीप्रमाणे ते साधारण आठ वर्षांनंतरच देतात, आणि लहानपणी दिलेलं पुढे पुन्हा तपासतात, म्हणजे 'जन्माचा' शिक्का तसाही नाही. आपल्या महाराष्ट्राला तर या बाबतीत जुना अनुभव आहे, १९९६ पासून सरकारने अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. मुंबईत पालिकेच्या सायन, नायर, केईएम या रुग्णालयांत हे काम चालतं. तुमच्या जिल्ह्याला कुठलं केंद्र जोडलंय ते जिल्हा रुग्णालयात कळेल.

आणि सवलती घेऊन पोरगं कष्ट सोडेल म्हणता, तर सवलती म्हणजे काय आहेत बघा: जास्तीचा वेळ, गरज असेल तर लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना मार्क न कापणं, असं. इतिहासाचा पेपर इतिहास येतो का ते बघायला आहे ना? अफजलखानाच्या भेटीची सगळी हकीकत येणाऱ्या मुलाला 'प्रतापगड'मधला पायाशी येणारा र चुकला म्हणून किती मार्क द्यायचे ते तुम्हीच ठरवा. उत्तर त्यालाच द्यावं लागतं, लेखनिकाला नाही. माझा अनुभव उलटा आहे, आपल्याला काहीतरी जमू शकतं असं दिसलं की ही मुलं जास्त मेहनत करतात. कष्ट सोडतात ती कशानेच फरक पडत नाही असं वाटल्यावर, आणि मला काळजी वाटते ती त्याची.

शिक्का तर गावात, नातेवाइकांत बसलेलाच असणार, 'आळशी', 'डोकं आहे पण करत नाही', वगैरे. तो काढायचा असेल तर तुमच्या शब्दाला घरात आणि शाळेत जेवढं वजन आहे तेवढं कुणाच्याच नाही. मुलालाही सांगा, साध्या शब्दांत, की तुला वाचायला जड जातं हे आम्हाला कळलंय, तू आळशी नाहीस, वेगळ्या पद्धतीने शिकू. नाव सांगायचं का, कधी सांगायचं, ते रिपोर्ट आल्यावर बघा.

शाळेत वर्गशिक्षिकेला भेटा, त्यांनी स्वतःहून तपासणीचं सांगितलं म्हणजे बाई जागरूक आहेत. मागण्या छोट्या ठेवा. अचानक उभं करून मोठ्याने वाचायला लावू नका, वाचायचंच असेल तर आदल्या दिवशी कुठला परिच्छेद ते सांगा किंवा सगळ्या वर्गाबरोबर वाचू द्या. फळ्यावरचं राहिलेलं मित्राच्या वहीवरून फोटो काढून चालू द्या. पुढच्या बाकावर जागा. शक्य तिथे तोंडी उत्तर, आणि तोंडी उत्तराला अडखळला तर थांबायचं, घाई नाही. कुणी चिडवत असेल तर तेही बघा. वाचता येत नाही म्हणून मारणं, वर्गासमोर लाज काढणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदच आहे, पण या बाईंना ते सांगायची वेळ येईल असं वाटत नाही.

इतर वाचकांसाठी मधेच थोडं. पहिली-दुसरीत अक्षरं उलटसुलट होणं नेहमीचं आहे, लगेच घाबरू नका. पण घरात आधी कुणाला वाचनाची अडचण असेल, मूल उशिरा बोललं असेल, यमक जुळवता येत नसेल, वारांचा क्रम सारखा चुकत असेल, आणि दुसरी संपेपर्यंत साधे बिनजोडाक्षरी शब्द येत नसतील तर चौथीची वाट बघू नका. इंग्लिश मीडियमच्या पालकांना शाळेतून हमखास सांगतात की घरी इंग्लिश बोला. घरच्या मराठीने डिस्लेक्सिया होत नाही आणि तोतरेपणाही होत नाही. ज्या भाषेत मूल मनमोकळं बोलतं ती बंद केलीत तर बोलायचं एक ठिकाण कमी झालं, बाकी काही नाही. आणि तीन महिन्यांत पूर्ण बरा करू, गॅरंटी, डोळे बांधून वाचायला शिकवू, मेंदू अॅक्टिव्हेट करू असल्या जाहिराती आल्या की पैसे खिशात ठेवा. डिस्लेक्सियावर औषध नाही, टप्प्याटप्प्याने नीट शिकवणं हाच उपाय आहे, त्याला महिने नाही वर्षं लागतात, आणि ते शिकवणारा माणूस तुमच्या मुलाशी कसा बोलतो ते आधी बघा.

राहिला एक वर्ष चौथीतच ठेवायचा प्रश्न. नको. तेच धडे, तीच पद्धत दुसऱ्यांदा केल्याने त्याची जी जागा कच्ची आहे ती पक्की होणार नाही, बरोबरचे मित्र पुढे जातील, आणि तोतरेपणा असलेल्या मुलाला नव्या वर्गात परत सगळ्यांसमोर नाव सांगण्यापासून सुरुवात करावी लागेल. पाचवीच्या वार्षिक परीक्षेची धास्ती असेल तर आता नापास मुलाला पुन्हा परीक्षेची संधी असते, आणि तोवर हातात रिपोर्ट असेल तर शाळेशी बोलायला आधार होतो. त्यापेक्षा तारखांचं बघा. स्पीच थेरपिस्टची वेळ याच महिन्यात घ्या. बाकीची तपासणी मे महिन्याच्या सुट्टीआधी उरकता आली तर उत्तम, सुट्टीत पाहुणे, लग्नं, आंबे यात राहून जातं. म्हणजे जूनमध्ये पाचवीचे नवे वर्गशिक्षक आले की पहिल्याच आठवड्यात तुम्ही रिपोर्ट आणि ती वही घेऊन त्यांना भेटू शकाल, गुरुजी म्हणून नाही, आजोबा म्हणून गेलात तर ते जास्त मोकळेपणाने बोलतील असं मला वाटतं.